शेवटचा आकडा

"यंत्र सांगितलेलं ऐकतं, कुसुमताई. तुम्ही थांब म्हटलं असतंत, तर ते थांबलं असतं."

दवाखान्यातल्या पडद्यापलीकडून आलेला हा आवाज. हिरवा सुती पडदा, खालून आखूड. त्या फटीतून मला काळे चकचकीत बूट दिसत होते आणि आईच्या खाटेचं एक चाक. मी चौथीत होते. आवाज गोड होता, आजाऱ्याशी बोलावं तसा, पाकातून काढल्यासारखा.

"विसरलात तुम्ही. होतं असं. दिवसभर तेच काम, माणसाचं लक्ष उडतं. कबूल करून टाका, पुढचं मी बघतो."

मग तो आवाज खाली गेला, पुढची कुजबुज मला कळली नाही. मग आईचा आवाज, कोरड्या घशातून ओढून काढलेला.

"व्हय साहेब. इसरले."

बूट वळले आणि गेले. चेहरा मी पाहिलाच नाही. आवाज तेवढा माझ्याकडे राहिला.

आई चाकणकडच्या एका कारखान्यात कॉइल भरायची. तांब्याची केसासारखी तार रिळावरून सुटते, दोन पोलादी रोलरमधून जाते आणि पुढे फिरणाऱ्या साच्यावर वेटोळं घालत बसते. वेटोळं भरलं की 'थांब' दाबायचं, यंत्राच्या पडद्यावर 'थांबलं' आलं की हात घालून तार तोडायची, चिकटपट्टी लावायची, नवं टोक ओवायचं. पहाटे चऱ्होलीच्या फाट्यावर ती कंपनीच्या बसची वाट बघत उभी राहायची, आणि कामावर गाणं म्हणायची. सोबतच्या बायका सांगतात, यंत्राच्या घरघरीत तिचा सूर असा मिसळायचा, की यंत्र बंद झालं तरी थोडा वेळ तो चालूच वाटायचा.

तांब्याची बारीक तार, रिळावरी चढे
लेक माझी गं शिकते, इंद्रायणीच्या कडे

एक दिवस त्या रोलरमध्ये उजव्या हाताची दोन बोटं गेली आणि त्यांच्याबरोबर ओवी गेली. कंपनीनं तिला पॅकिंगला बसवलं. डाव्या हातानं ती खोक्यांवर चिठ्ठ्या चिकटवायची. घरी भाकरी थापताना राहिलेल्या बोटांचा ठसा भाकरीवर उमटायचा आणि मी तो भाग आधी खायचे. विचारलं की एकच उत्तर.

"माझीच चूक गं. दाबायचं इसरले."

ते ऐकून गल्लीतल्या बायकाही म्हणायच्या, कुसुम जरा येंधळीच. एकदा हळदीकुंकवाला कुणीतरी हसत हसत म्हणालं, "हिच्या हातात कोयता देऊ नका गं बाई." आईही हसली. मी हसले नाही. मी घरी येऊन उशीत तोंड खुपसलं, आणि रडण्याऐवजी ओवी रचली. माझी पहिलीच.

वैराचं तान्हं बाळ, पदराआड झाकी
सारं गाव निजलं गं, एक त्याचं रडं बाकी

लोकांना वाटतं मला इलेक्ट्रॉनिक्सची आवड होती. आवड कसली! मला ते यंत्र उघडून बघायचं होतं. माणसाच्या पोटात काय असतं ते कुणाला कळलंय, पण यंत्राचं पोट स्क्रूंनी बंद असतं. निगडीच्या पॉलिटेक्निकात शिकले, लग्न झालं, मोशीला फ्लॅट झाला, आडनाव बदललं. भोसरीतल्या एका लहानशा वर्कशॉपमध्ये लागले. आमचं काम म्हणजे जुन्या यंत्रांना नवी डोकी बसवणं. धड चांगलं असतं, कंट्रोलर म्हातारा झालेला असतो. आम्ही तो काढून आमचा घालतो.

यंदा पावसाळा उतरला आणि त्या कारखान्याचा फोन आला.

मालक वारले होते. मुलगा क्षितिज गादीवर आला होता. उत्साही पोरगा, हातात सतत कॉफीचा कप. कॉइल भरायची जुनी यंत्रं भंगारात द्यायची नाहीत, नवी करायची, असं त्याच्या मनात होतं. आम्ही शेडमध्ये उभे होतो तेवढ्यात मागून कुणीतरी म्हणालं, "या या, मॅडम. या म्हाताऱ्यांना जरा संजीवनी द्या."

माझ्या मानेवरचे केस उभे राहिले. वळून पाहिलं. पांढरे केस, गोरा, टापटीप, कपाळावर गंधाची बारीक रेघ. मोठा देखणा म्हातारा. पायात साधे सँडल.

"हे प्रभाकरकाका," क्षितिज म्हणाला. "प्लांट हेड. बाबांच्या आधीपासून इथं आहेत म्हणा ना."

"उगाच वय वाढवू नकोस रे," प्रभाकर हसले. "काय नाव बेटा तुझं?"

"निशिगंधा."

"वा! सुवासिक." आणि तो पाकातला आवाज माझ्या नावावरून फिरला. मी हसले. खरंच हसले. पाण्याला गेलेल्या बाईला वाटेत हरवलेला दागिना सापडावा तसं मला झालं.

क्षितिजला सगळं समजून घ्यायचं होतं. त्यानं आमच्या नव्या बोर्डावर बोट ठेवलं.

"मॅडम, मी बी.कॉम. मराठीत सांगा. ही मुंगळ्याएवढी चिप एवढी मोटर हळू-जोरात कशी करते?"

"ती हळू-जोरात करतच नाही," मी म्हणाले. "तिला दोनच गोष्टी येतात. वीज दे, आणि देऊ नको. मधलं काही नाही."

"मग?"

"जात्यावर दळणारी बाई बघितलीयत?"

"यूट्यूबवर."

माझा जोडीदार समाधान फिस्सकन हसला. तो बीडचा. वायरिंग त्याच्याकडं आणि टोमणेही त्याच्याकडंच.

"बाई खुंट्याला सारखा जोर लावत नाही," मी म्हणाले. "ओढते, सैल सोडते, परत ओढते. दगड जड, म्हणून मधे थांबत नाही. त्याला वेगवेगळे झटके कळत नाहीत, सगळ्यांची मिळून एक चाल कळते. चिप तेच करते, फक्त सेकंदाला हजारो वेळा. आत तिची मोजणी चाललेली असते. शून्यापासून दोनशे पंचावन्नपर्यंत, परत शून्यापासून. तिच्या पोटातल्या एका घरात मी एक आकडा लिहून ठेवते. मोजणी त्या आकड्याच्या खाली आहे तोवर ती वीज सोडते, वर गेली की बंद करते. चौसष्ट लिहिलं तर पाव वेळ चालू, पाऊण वेळ बंद. मोटर सावकाश. दोनशे लिहिलं की पळते."

"आणि मोजणी किती भरभर करायची?"

"तेही लिहून देता येतं, वेगळ्या घरात. फार सावकाश ठेवली तर मोटर गचके खाते, कण्हते. फार भरभर ठेवली तर पुढं वीज सोडणारा ट्रान्झिस्टर तापतो. मधलं बेतानं धरायचं."

"मधेच आकडा बदलला तर?"

"हातातली फेरी पुरी करते, मग नवा आकडा धरते. झटका अर्धवट सोडत नाही."

"भारीच गुणी," क्षितिज म्हणाला. "आणि समजा, तुमचा मोठा प्रोसेसर, जो हिला आकडे सांगतो, तोच झोपला तर? किंवा मधली वायर तुटली तर?"

प्रश्न त्यानं सहज विचारला होता. मी उत्तर त्याला दिलं, पण बघितलं प्रभाकरांकडे.

"तर ती शेवटचा आकडा धरून चालत राहते."

"बाप रे. म्हणजे मालक मेला तरी गडी राबतोच."

प्रभाकर चष्मा पुसत होते. "मला या चिपांमधलं ओ की ठो कळत नाही बाबा," ते म्हणाले. "मी बेल्ट-बेअरिंगचा माणूस. तेव्हाही ते सगळं यंत्र विकणाराच बघायचा."

आईच्या यंत्राचा जुना बोर्ड मी वर्कशॉपवर आणला. यंत्र तेच, हे आईनंच एकदा सांगितलं होतं: दाराजवळचं, बाजूला खिडकी असलेलं. मोटरच्या जागी मी एक दिवा जोडला, म्हणजे वेग डोळ्यांना दिसेल. अर्धा आकडा दिला. दिवा अर्ध्या उजेडानं लागला. मग पडद्याच्या बोर्डापासून चिपकडे जाणारी वायर उपटली आणि 'थांब' दाबलं.

पडद्यावर अक्षरं आली. थांबलं.

दिवा तसाच जळत होता.

समाधान चहा पीत होता, त्यानं पेला खाली ठेवला. "आयला ताई! हा पडदा खोटाच बोलतो की."

"खोटं नाही बोलत. तो आपण काय सांगितलं ते दाखवतो. चिपनं काय ऐकलं ते दाखवत नाही."

"पण या चिपमध्ये टाइमआउट असतो ना? राखणदार? बराच वेळ निरोप आला न्हाई तर सगळं शून्य करणारा?"

"असतो. यात निजवलाय."

"कुणी?"

मी त्या दिव्याकडे बघत बसले. राखणदार आपोआप निजत नाही. यंत्र विकणारा तो जागाच ठेवून देतो. शेजारच्या शेडमध्ये तेव्हा स्पॉट वेल्डिंग चालायचं, आई सांगायची, रेडिओसुद्धा खरखरायचा. त्या गोंगाटात निरोप हरवत असणार, राखणदार दचकत असणार, आणि यंत्र सारखं बंद पडत असणार. मग कुणीतरी वैतागून एका बिटाचा, त्याच्या चालू-बंदच्या खुणेचा, शून्य केला असणार. तेवढंच. एका टिचकीचं काम. त्यानंतर 'थांब'चाच निरोप वाटेत हरवला, तर रोलर फिरतच राहणार.

"मालकाला सांगा ना," समाधान म्हणाला.

"काय सांगू? तो काकांना विचारेल. काका म्हणतील, विकणाऱ्यानं तसंच दिलं, मला यातलं ओ की ठो कळत नाही. आईला विचारतील, तर आई म्हणेल, इसरले. हा बोर्ड एवढंच सांगतो की असं घडू शकत होतं. घडलं का, ते सांगत नाही."

तेच माझं दुखणं होतं. सगळं हातात येऊनसुद्धा मला खात्री नव्हती. आई खरंच विसरली असेल तर? मग इतकी वर्षं मी कुणाला शिव्या दिल्या? ही शंका मला त्या माणसापेक्षाही जास्त जाळायची, आणि त्याबद्दलही मी त्यालाच दोष देत होते.

क्षितिजनं ठरवलं, पहिलं नवं यंत्र खंडेनवमीला सुरू करायचं. त्या दिवशी आपल्याकडे कारखान्यांत यंत्रं धुतात, झेंडूच्या माळा घालतात, नारळ फोडतात, घरच्यांना आत येऊ देतात. "आणि काकांची एक रीत आहे," तो म्हणाला. "नवं यंत्र आलं की पहिली कॉइल ते स्वतः भरतात. मग थांब दाबून रोलरला स्वतःच्या बोटानं कुंकू लावतात. काका म्हणतात, यंत्रावर विश्वास टाकला की यंत्रही आपल्यावर टाकतं. लोकांना फार आवडतं ते."

"स्वतःच्या बोटानं?" मी विचारलं.

"हो. का?"

"छान आहे."

घरी परतताना मोशीच्या पुलावर गाडी थांबवून मी खाली नदीकडे बघत राहिले. पाण्यावर पांढरा फेस तरंगत होता. मला प्रभाकरांची नोकरी घालवायची नव्हती, चौकशी नको होती, पेपरात नाव नको होतं. मला त्याचं बोट त्या रोलरशी हवं होतं, आणि पडद्यावर 'थांबलं' हवं होतं, आणि रोलर फिरता हवा होता. फार जोरात नाही. वीसचा आकडा. सावकाश, दात नसलेल्या म्हातारीनं पेरू चघळावा तसा. त्याला कळायला वेळ मिळावा म्हणून.

मी प्रोग्राम बदलला. एका दिवसापुरतं नवं यंत्र जुन्याइतकं अडाणी केलं. राखणदार निजवला.

समाधान तपासणी करताना थबकला. "ताई, टाइमआउटचा बिट झिरो दिसतोय. विसरलात का?"

"मी विसरत नाही."

त्यानं लॅपटॉपकडे बघितलं, मग माझ्याकडे. "नवमीला ते मोठे साहेब बोट लावतात ना त्याला?"

"हो."

"अन् बोट गेलं म्हंजे?"

"माझ्या आईची दोन गेली."

बाहेर फाउंड्रीचा भोंगा झाला. समाधान बराच वेळ वायरचं टोक सोलत बसला. सोलून झालेलं परत सोलत होता.

"तुमच्या जागी मी असतो तर कुऱ्हाडच घेतली असती," तो शेवटी म्हणाला. "तवा मी काय तुम्हाला शानपन शिकवत न्हाई. पण मी मेन स्विचपाशी उभा राहणार. अन् वाटलं की ओढणार. मला इचारू नका."

"ओढ. पण आधी मला बघू दे."

"वीजच तोडणारं लाल बटण तुमच्या हाताशी आहे की."

"आहे."

"मग दाबा की तुम्हीच येळेवर."

मी लॅपटॉप मिटला.

आईला मीच घेऊन गेले. जुन्या कामगारांना बोलावणं होतंच. क्षितिज सगळ्यांना शाल-नारळ देणार होता. तिनं जरीकाठी इरकल नेसली होती. उजवा हात नेहमीप्रमाणे पदराखाली.

"तुझं काम बघायचं म्हनून येते," ती गाडीवर मागून म्हणाली. "न्हाईतर त्या शेडात पाऊल टाकायचं मन होत न्हाई."

"आज टाक. आज बघण्यासारखं आहे."

"असं का बोलतीस? दात खाऊन?"

शेड ओळखू येत नव्हती. फरशी ओली, झेंडूचा वास, स्पीकरवर आरती, पोरं ट्रॉलीवर बसून ढकलगाडी खेळत होती. प्रभाकर पांढऱ्या झब्ब्यात सगळ्यांची विचारपूस करत फिरत होते. आईला बघून ते लगबगीनं आले.

"अरे, कुसुमताई! किती दिवसांनी! तब्येत काय म्हणते?"

"बरी हाय, साहेब."

"कुणाबरोबर आलात?"

"माझी लेक की ही. तुमचं यंत्र हिनंच केलंय."

ते माझ्याकडे वळले. पाक क्षणभर आळला. "बोलली नाहीस कधी, बेटा."

"तुम्ही विचारलं नाहीत, सर."

"अं... हो. वा वा. बघा कुसुमताई, लेकीनं नाव काढलं." आणि त्यांनी तिच्या खांद्यावर थोपटलं. आईचा खांदा गोगलगायीसारखा आत गेला. ते मी पाहिलं, आणि माझ्या मनात जी काही उरलीसुरली डळमळ होती ती संपली.

नारळ फुटला. सगळे गोल उभे राहिले, क्षितिज मोबाइलवर व्हिडिओ घेत होता. मी यंत्राच्या मागच्या बाजूला, उघड्या पॅनेलपाशी. डावा हात पडद्याकडून चिपकडे जाणाऱ्या वायरवर, उजव्या हाताचं बोट लाल बटणावर. समोर गर्दीत आई, तिची नजर माझ्यावर. भिंतीशी मेनजवळ समाधान, घामेजलेला.

प्रभाकरांनी 'चालू' दाबलं. कॉइल सुरेख भरली, टाळ्या पडल्या. ठरवून दिल्याप्रमाणे प्रोग्रामनं वीसचा आकडा पाठवला. यंत्र मंदावलं. आरतीच्या गजरात त्याची कुरकुर ऐकूही येत नव्हती. मी वायर उपटली.

त्यांनी 'थांब' दाबलं.

पडद्यावर हिरवी अक्षरं. थांबलं.

गुळगुळीत पोलादाचं हेच वाईट. फिरतंय की उभं आहे, डोळ्यांना कळत नाही. रोलर आरशासारखा शांत दिसत होता. प्रभाकरांनी करंडा उघडला, अनामिकेवर कुंकू घेतलं, चेहऱ्यावर भाव आणला आणि हात पुढे केला. माझ्या छातीत जातं सुरू झालं. अजून थोडं. अजून. बोट रोलरपाशी आलं, आणि बोटावरचं थोडंसं कुंकू आधीच रोलरवर सांडलं.

ठिपका पडायला हवा होता. त्याची रेघ झाली. लाल, बारीक, रोलरभर गोल फिरलेली रेघ.

गर्दीला काहीच कळलं नाही. एका बाईनं तर हात जोडले; तिला तो शृंगारच वाटला. पण प्रभाकरांनी हात असा मागे खेचला, की करंडा उडून झब्ब्यावर सांडला. पडद्याकडे त्यांनी बघितलंसुद्धा नाही.

"मेन! मेन काढा! टाइमआउट बंद आहे!"

समाधाननं स्विच ओढला. स्पीकर, पंखे, दिवे, सगळं एकदम गेलं. खिडकीतून आलेला दुपारचा उजेड तेवढा राहिला. रोलर थोडा फिरला आणि उभा राहिला.

माझं बोट लाल बटणावर होतं. मी ते दाबलेलं नव्हतं. आई माझ्या चेहऱ्याकडे बघत नव्हती. ती त्या बोटाकडे बघत होती.

"काका, लागलं का?" क्षितिज धावला. "काय झालं? थांबलं म्हणून दाखवलं ना त्यानं?"

"सर," मी पॅनेलमागून पुढे आले. माझा आवाज मलाच परका वाटला. "टाइमआउट बंद आहे, हे तुम्हाला कसं कळलं?"

"म्हणजे? उघड आहे. पडदा थांबलं म्हणतो, रोलर फिरतो..."

"उघड कुणाला? क्षितिजसरांना नाही कळलं. इथं उभ्या असलेल्या कुणालाच नाही. तुम्हाला तर चिपांमधलं ओ की ठो कळत नाही ना?"

ते झब्ब्यावरचं कुंकू झटकत राहिले. झटकावं तसं ते पसरत होतं.

"असं तुम्ही आधी कुठल्या यंत्रावर पाहिलं होतं?" मी विचारलं.

"मॅडम, काय चाललंय हे?" क्षितिज म्हणाला.

"मी यंत्र बिघडवलंय. मुद्दाम. माझ्यावर काय करायचं ते करा, माझी ना नाही. पण आधी यांना बोलू द्या. दाराजवळचं जुनं यंत्र. त्याचा टाइमआउट कुणी बंद केला, सर?"

शेडमध्ये लहान मूल रडायला लागलं, त्याच्या आईनं त्याला बाहेर नेलं. प्रभाकरांनी चष्मा काढला. चष्म्याशिवाय ते एकदम म्हातारे दिसले. मला त्यांची दया यायला हवी होती. आली नाही.

"लाइन सारखी बंद पडत होती," ते हळूच म्हणाले. "शेजारी वेल्डिंग. जपानहून पाहुणे येणार होते, मालक डोक्यावर बसले होते. दोन दिवसांपुरता बंद केला. परत चालू करायचा होता." मग त्यांनी मान वर केली, आणि तो जुना, पाकातला आवाज त्यांना सापडला. "पण त्याचा आणि अपघाताचा संबंध नाही. मी माणसाची चूक झाकली असेल, केली नाही. थांब दाबलंच नाही, तर टाइमआउट काय करणार? विचारा की यांना. कुसुमताई, तुम्हीच म्हणाला होतात ना? विसरलात म्हणून? तुमच्या तोंडानं?"

सगळ्यांची तोंडं आईकडे वळली. मीही वळले. एवढं सगळं करून शेवटी किल्ली त्याच्याच खिशात निघाली. आता आई नेहमीसारखी हसेल, म्हणेल, व्हय, माझीच चूक.

एक म्हातारा फिटर म्हणाला, "जाऊ द्या हो. सणाचा दिवस. जुनं उकरून काय मिळायचंय?"

"थांबा दादा," आई म्हणाली.

ती पुढे आली. पहिल्यांदा ती माझ्याकडे आली, आणि माझं ते बोट तिनं आपल्या डाव्या मुठीत धरलं, तापलेल्या पोराचा हात धरावा तसं.

"हिला म्या कधी सांगितलं न्हाई," ती म्हणाली, बोलत होती प्रभाकरांशी, बघत होती माझ्याकडे. "वाटलं, पोर ल्हान हाय, हिच्या काळजात इस्तव नको. इसरले म्हनलं की पोर झोपंल. लोक हसले तर हसू दे, येंधळी तर येंधळी. पर हिनं इस्तव कुठनं तरी आनलाच. आज दुसऱ्याचं बोट जात हुतं अन् ही बघत हुभी व्हती. माझी पोर. हे तुमी केलंत, साहेब. बोटांचं म्या सोसलं, हे न्हाई सोसायची."

"कुसुमताई, मी माफी मागतो, झालं गेलं..."

"माफी मागू नगा. मी द्यायची न्हाई."

तिनं पदर बाजूला केला. उजवा हात वर केला, उजेडात, सगळ्यांना दिसेल असा. इतक्या वर्षांत चारचौघांत तो मी असा उघडा कधी पाहिला नव्हता.

"दवाखान्यात तुमी पडदा ओढला, अन् म्हनलात, इसरले म्हना, न्हाईतर या हाताला काम कोन देनार. पोरीचा बाप न्हवता. म्हनले मी. तवापास्नं तेच म्हनत आले, म्हनून म्हनून मलाच खरं वाटाया लागलं व्हतं. पर न्हाई. म्या थांब दाबलं व्हतं, साहेब. दाबलं, पडद्यावर आल्यालं वाचलं, मोठ्यानं वाचलं, अन् मगच हात घातला."